देवीपुढे ठेवलेला टाक

माझा चित्रं काढायचा टाक माझ्यापासून हातभर अंतरावर होता. शेजारच्या शेफालीदींच्या बैठकीत सरस्वतीच्या पायाशी, पुस्तकांच्या चळतीवर. शेजारी माझी काळ्या शाईची बाटली. दुपारचे दोन वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ब्लॉकमेकरचा माणूस चित्रं न्यायला यायचा होता आणि पुस्तकाच्या आठ चित्रांतलं एक, कासवाचं, अजून पेन्सिलीतच होतं.

ब्लॉक म्हणजे जस्ताचा पत्रा. चित्राचा फोटो काढून रेषा त्यावर उतरवतात, मग छापतात. त्याला रेषा काळीकुळकुळीत लागते. पेन्सिल चालत नाही.

चूक माझीच. माहेरी दसऱ्याला पाटीपूजन व्हायचं. हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला की थोड्या वेळाने पाटी परत हातात. कलकत्त्यातली ही आमची पहिलीच सरस्वतीपूजा. "आई, तुझा टाक पण ठेवू?" मालूने विचारलं, आणि मी हौसेने ठेवू दिला.

"आता उचलू का?" मी शेफालीदींना विचारलं.

"आज? वेडी आहेस का, सुमन? उद्या नऊला पुरोहित येऊन देवीला निरोप देतील, मग. तोवर कुणी लिहायचं नाही." त्या हसत खिचडी बघायला आत गेल्या. मागच्या महिन्यात त्या वारल्या. ते हसणं अजून कानात आहे.

खोलीत मी आणि मालू. "आई, घेतलास तर देवी रागावेल. मला वाचायला येणारच नाही मग."

मालूच्या जन्मानंतर सहा वर्षांनी मिळालेलं हे पहिलं काम. देवाला मी सवयीने हात जोडत होते. मालू मनापासून मानत होती. मी हात मागे घेतला.

पूजेमुळे दुकानं बंद. बस धरून बेहालाला संपादक सेनबाबूंच्या घरी गेले.

"उद्या दुपारी दिलं तर?"

"ब्लॉकवाला थांबणार नाही, मिसेस केळकर. चित्र नसेल तर दुसऱ्याकडून करून घेईन. पुढचं पुस्तकही."

"तुमच्याकडे एखादा टाक?"

"देवीपुढे आहे. घरात माझी आई आहे," ते ओशाळून म्हणाले.

परत येऊन शेफालीदींना सगळं सांगितलं. "आधी बोलायला काय झालं होतं?" त्या कडाडल्या. चपला घालून तडक पुरोहिताकडे गेल्या.

पहाटे साडेपाचला पुरोहित मफलर गुंडाळून आले. "इतक्या लवकर देवी तरी उठली असेल का?" म्हणत त्यांनी निरोपाची पूजा उरकली. सहाला टाक माझ्या हातात होता. पावणेआठपर्यंत मी मान वर केली नाही. ओल्या शाईवर मालू फुंकर घालत होती.

"कासवाची पाठ थरथरतेय," सेनबाबू छापलेलं पान बघून म्हणाले. पुढचं पुस्तक मात्र मलाच दिलं.

कामाची वस्तू देवापुढे जरूर ठेवावी. फक्त ती परत कधी मिळते, हे ज्यांच्या घरी पूजा, त्यांना आधी विचारून घ्यावं.