ग्रामोफोनच्या बदल्यात बंदूक

जुन्या बंदुकीचं मोल करायला जाणाऱ्यानं मालकाच्या घरी आधी बंदूक बघावी, मग भाकरी खावी, असा आमच्या उस्तादांचा नियम होता. पोटात अन्न गेलं की जीभ जड होते, मग खरं बोलवत नाही, असं ते म्हणायचे. नियम मला पाठ होता. पण समोर खेकड्याचं कालवण येईल हे नियम करणाऱ्यानं गृहीत धरलेलं नव्हतं.

मी मूळचा वऱ्हाडातला. चौथीनंतर शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर आमच्या घरात मतभेद होते. एका लांबच्या नातेवाइकाचं बोट धरून पुण्यापर्यंत आलो, तिथून भोरला, आणि उस्तादांच्या दुकानात चिकटलो. संस्थानातल्या परवानेवाल्यांच्या बंदुका दुरुस्त करायच्या, कुणाला जुनी विकायची असेल तर तिची पारख करून द्यायची, असा तो धंदा. मिसरूड फुटून जुनं झालं तरी माझी धास्ती काही गेली नव्हती. बंदुकीच्या घोड्याची कमान घट्ट बसली तरी वाटायचं, फार घट्ट तर नाही बसली? हाकललं तर जायचं कुठं? उस्तादांच्या घरच्या बाईंनी पहिल्याच थंडीत मला स्वतःच्या हातची गोधडी दिली होती. तिच्यात शिरलं की वाटायचं, या माणसांचं नाव आपल्या हातून खराब होता कामा नये.

त्या साली दसऱ्यानंतर उस्ताद हिवतापानं आडवे झाले आणि एक काम माझ्या गळ्यात पडलं. कचेरीतला एक शिपाई, राजगडाच्या पायथ्याला पालीच्या अलीकडच्या वस्तीतला, आपल्या बापाची ठासणीची बंदूक काढून टाकायला निघाला होता. बाप वारला, परवाना याच्या नावावर झाला. पण याचं मन बंदुकीत नव्हतं. भोरच्या बाजारात एका दुकानदाराकडे कर्ण्याचा ग्रामोफोन होता आणि हा शिपाई कचेरी सुटली की त्या दुकानाच्या पायरीवर बसून तबकड्या ऐकायचा. दुकानदाराला मिरवायला बंदूक हवी होती. उस्तादांनी बंदूक चांगली म्हटली तर अदलाबदल, असं ठरलं होतं.

"मग बंदूक घेऊन ये की हितं," उस्ताद पांघरुणातून म्हणाले.

"आई उंबऱ्याभाईर काढू देत न्हाई," शिपाई म्हणाला. "दोनदा गेलो, दोन्ही बारी मोकळ्या हातानं आलो. तुमचा मानूस येऊन चांगली हाय म्हनला, तर मग काय बोलंल ती?"

माणूस म्हणजे मी. उस्तादांनी हत्यारांची पिशवी माझ्याकडे दिली आणि बजावलं, "बार काढल्याशिवाय मोल सांगू नकोस. आणि पहिला बार मालकाचा. फुटली तर त्याची फुटेल."

वाटेत एका वस्तीवर मुक्काम करून आम्ही दुसऱ्या दिवशी ऐन जेवणवेळेला पोचलो. खाचरांतला भात लोंब्यांनी वाकला होता. शेजारच्यांच्या खाचरात डुकरांनी जागोजाग लोळण घेतलेली दिसत होती. शिपायाच्या खाचराला मात्र कुठं धक्का नव्हता.

"आमच्यात येत न्हाईत डुकरं," तो अभिमानानं म्हणाला. "आमच्या बा-चा धाक बसलाय त्यास्नी अजून."

त्याची आई दारातच उभी होती. लहानखुरी, वाळलेली, तोंडात तंबाखूचा बार. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "ह्यो व्हय मिस्तरी? आरं, ह्याला आदी खाया घाल. वाऱ्यानं उडून जाईल."

"मावशी, आधी बंदूक बघतो."

"बंदूक कुठं पळतीया? खेकडं गार व्हत्यात."

मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा नाही म्हणायला तोंड उघडलं तेव्हा त्यात भाकरी होती.

हात धुतल्यावर तिनं देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवरून बंदूक काढून माझ्या मांडीवर ठेवली. लाकडी दस्त्यावर हळदीकुंकवाचे थर, नळीला झेंडूची वाळकी माळ. खंडेनवमीची पूजा ताजीच होती. मी माळ उतरवली आणि पहिलं काम केलं ते गज नळीत सोडायचं. ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी हे बघून कळत नाही. गज आत टाकायचा, तोंडाशी बोट धरायचं, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. रिकामी असेल तर तो घोड्यापर्यंत पोचतो.

माझा गज वीतभर अलीकडेच थांबला.

मी नळीचं तोंड भिंतीकडे वळवलं. "भरलेली आहे," मी म्हणालो.

शिपाई उठला आणि एका उडीत गोठ्याच्या पलीकडे गेला. तिथून त्याचा आवाज आला, "आये, भाईर ये! मिस्तरी, तुमी बघा काय ते!"

आई जागची हलली नाही. "आसंल भरल्याली," ती म्हणाली. "जुनं मानूस, भरून ठिवली आसंल. आता खराब झाली म्हना की. न्हेऊ नका."

मी अंगणात बसून नळीत पाणी ओतलं, दारू असली तर मरावी म्हणून. पाणी भिनेपर्यंत उस्तादांच्या घरच्या गोधडीची फार आठवण आली. मग गजाच्या टोकाला मळसूत्रासारखा पेच लावला आणि हळूहळू पिळत आतलं ओढायला लागलो. आधी चिंधीचा बोळा आला. मग पिवळ्या अक्षता. मग हळकुंड, एक सुपारी, झेंडूच्या पाकळ्या, पुन्हा अक्षता. शेवटी तर खोबऱ्याचा तुकडा निघाला. दारूचा कण नाही.

शिपाई गोठ्याच्या कुडावरून डोकावत होता. "ह्ये काय?"

"पूजा," आई म्हणाली. "देवाला तोंडात निवद दावतो न्हवं? हिचं तोंड त्येच."

"आगं पर बंदुकीला खोबरं?"

"तुला आवडतंया, तिला का आवडू न्हाई?"

शिपाई हसत पुढं आला. मी मात्र हसलो नाही. चिंधीचा बोळा माझ्या हातात होता. हिरव्या जुनेर लुगड्याचा, चौकडीचा, फाडल्याची कड अजून ताजी. मावशींच्या अंगावर तेच जुनेर होतं आणि पदराचं टोक फाटलेलं होतं. घोडा वर उचलून बघितलं, तर जिथं बार पेटवणारी टोपी बसते तिथं काजळी. बोटाला लागली, नाकाशी नेली. बापाच्या वेळची काजळी असा वास देत नाही. ही बंदूक या आठवड्यात वाजलेली होती.

मी मान वर केली. मावशी माझ्याकडेच बघत होत्या. तंबाखू या गालातून त्या गालात गेली.

परवाना लेकाच्या नावावर, लेक भोरला. खाचराला धक्का नाही. धाक बापाचा नव्हता. बंदूक गेली तर भात जाणार होता, म्हणून ती बिघडलेली ठरावी यासाठी बाईनं पूजेचं निमित्त करून नळी कोंबून ठेवली होती. हे मी बोलावं का? बोललो तर परवान्याची भानगड, त्यात शिपाई कचेरीतला. चांगली म्हणालो तर बंदूक ग्रामोफोनवाल्याकडे. वाईट म्हणालो तर उस्तादांच्या नावानं खोटं. आणि पोटात त्यांचेच खेकडे.

"काय मिस्तरी?" शिपाई म्हणाला. "हाय का माल? येईल का गानं?"

भ्याडाला नियमासारखा आधार नाही. "बार काढल्याशिवाय सांगता येत नाही," मी म्हणालो. "दारू आहे का?"

"दारू कुठली आलीय? बा गेल्यापास्नं–"

मावशी आत जाऊन दारूचं शिंग घेऊन आल्या. काठोकाठ भरलेलं. लेकानं शिंगाकडे बघितलं.

"ही कवाची?"

"तुज्या बाची."

"बा-ची ओतून टाकली व्हती आपुन."

"मग उरल्याली आसंल," त्या म्हणाल्या आणि कोंबडी हाकायला लागल्या.

नळी पुसून उन्हात वाळवली, माप घालून दारू ठासली, छरे ठासले, टोपी बसवली आणि बंदूक शिपायाच्या हातात दिली. पहिला बार मालकाचा हे ऐकून त्याचा चेहरा उतरला. कचेरीत त्याच्या हातात फार तर पाण्याचा तांब्या असायचा.

"दस्ता खांद्याला घट्ट लावा," मी म्हणालो.

"लावलाय."

"तो गाल आहे."

मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. काहीतरी सांगायचं आणि सांगायचं नाही, दोन्ही एकदम चाललं होतं. शेवटी राहवेना. "आरं डावा पाय फुडं!" त्या ओरडल्या, आणि लगेच कोंबडीकडे वळल्या.

शिपायानं दोन्ही डोळे मिटले आणि चाप ओढला.

धूर निवळला तेव्हा तो शेणकीच्या खड्ड्यात बसलेला होता. बंदूक त्याच्या मांडीवर धड होती. छपरावरच्या दोन भोपळ्यांपैकी एक मात्र नव्हता. कान वाजत होते, आणि त्या वाजण्यातून पलीकडच्या खाचरातून शेजारच्या म्हाताऱ्याची हाक आली.

"वयनीऽ! आज दिवसाच व्हय? पडलं का डुक्कर?"

मावशींनी तिकडं पाठ फिरवली.

"वयनी! पडलं आसंल तर वाटा ठिवा! मागल्या टायमाला तंगडी दिली न्हाई तुमी!"

शिपाई शेणकीतून हळूहळू उठला. आधी शेजाऱ्याच्या दिशेला बघितलं, मग धक्का न लागलेल्या आपल्या खाचराकडे, मग आईकडे. "आये," तो म्हणाला, "तू?"

"मग कोन? तुजा बा?" मावशींचा आवाज आता चढला. "त्यो गेला तवापास्नं रातच्याला खाचरातल्या माळ्यावर म्याच बसते. तू तिकडं कर्ण्यात डोस्कं घालून बसतूस, हितं डुकरं काय गानं ऐकून माघारी जात्यात? ने! ने ती बंदूक! आन त्यो तुजा कर्णा आन. बांधावर ठिवून बघू."

"आगं परवाना माज्या नावावर हाय! कचेरीत कळलं तर?"

"कळंल कसं? तूच शिपाई न्हवं तितला?"

लेकानं पैरणीवरचं शेण झटकलं, खांदा चोळला, आणि मग त्याला काहीतरी दिसलं. मावशींचा पदर हाकाहाकीत सरकला होता. त्यांच्या उजव्या खांद्यावर जुना हिरवट आणि ताजा काळा असे डाग एकावर एक पडलेले होते.

"ह्ये दस्त्यानं झालं?"

"तुज्या बा-च्या मापाचा हाय त्यो," त्या पदर ओढून घेत म्हणाल्या. "माज्या हाताला पुरत न्हाई. बगलंत येतो. लागतंय थोडं."

शिपायानं बंदुकीच्या दस्त्यावरून हात फिरवला. ग्रामोफोनच्या दुकानाची पायरी त्याच्या डोळ्यांपुढून जात असावी. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मिस्तरी, दस्ता आखूड करता येतो का?"

"येतो," मी म्हणालो. "पण मग ती दुसऱ्या कुणाच्या खांद्याला बसणार नाही. कुणी घेणार नाही. दुकानदार तर हातात धरणार नाही."

"म्या काय इचारलं? करता येतो का, येवढंच सांगा."

मी मावशींना कोपर वाकवायला सांगितलं आणि कोपरापासून चापाच्या बोटापर्यंत सुतळी धरली. माप घेताना त्या इतक्या ताठ उभ्या राहिल्या, जणू फोटोच काढतोय. दस्त्यावर कोळशानं रेघ ओढली. शिपाई उखळावर बसून दोन्ही हातांनी बंदूक दाबून धरायला तयार झाला. मी करवत लावली आणि, सवयीप्रमाणे, थांबलो. रेघ बरोबर आहे ना? पुन्हा सुतळी धरली. पुन्हा मावशींना कोपर वाकवायला लावलं.

"आरं काप की लेकरा!" मावशी म्हणाल्या. "सुगी सरंल."

कापलं. कड कानशीनं घासून गोल केली, तळाला त्यांच्याच जुनेराची घडी खिळ्यांनी ठोकून दिली, म्हणजे खांद्याला मऊ लागेल. त्यांनी बंदूक उचलली, डावा पाय पुढं टाकला आणि दस्ता खांद्याला लावून छपरावरच्या उरलेल्या भोपळ्यावर नेम धरला. बंदूक रिकामी होती तरी शिपाई माझ्या मागं सरकला.

"आता बसली," त्या म्हणाल्या. मग लेकाकडे वळून, "आन तू उद्या जाऊ नगंस. भरायची कशी त्ये दावते. कागुद तुज्या नावाचा हाय, निदान हिच्या तोंडात काय घालायचं त्ये तरी शिक."

"खोबरं न्हवं का?" शिपाई म्हणाला.

मावशींनी तोडलेल्या दस्त्याचा तुकडा त्याला फेकून मारला. नेम चुकला नाही.