शैलजाने टाइप केलेले राजदूत

शैलजा नागपूरच्या कोर्टात नऊ वर्षं स्टेनो होती. नवऱ्याला, म्हणजे चारुदत्तला, पीएचडीला प्रवेश मिळाला म्हणून ती अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी आली आणि डिपेंडंट व्हिसावर घरी बसली. मी तिच्या वरच्या मजल्यावर राहायचे. तिला नोकरीची परवानगी नाही, बस तासाला एक, आणि चारुदत्त कायम लॅबमध्ये. वर्षभरात ती इतकी गप्प झाली की मला चारुदत्तचा राग यायला लागला. तो बिचारा वाईट नव्हता, पण राग यायचाच.

२००५ साली गावातल्या एका इतिहास मंडळाला म्हाताऱ्यांच्या आठवणींच्या टेप ऐकून बिनपगारी टाइप करणारं माणूस हवं होतं. शैलजा हौसेने गेली आणि पुन्हा माणसात आली.

तिच्या वाट्याला आले व्हिटलॉक साहेब. मुलीकडे राहायला आलेले निवृत्त ब्रिटिश राजदूत. पाच देश, तीन भाषा, शेवटी आफ्रिकेतल्या एका लहान देशात राजदूत. कोणत्या राष्ट्राध्यक्षाने तीन तास ताटकळत ठेवलं, कोणत्या मेजवानीत कोण रुसलं, हे सगळं शैलजा संध्याकाळी मला रंगवून सांगायची. मला साहेब कंटाळवाणे वाटायचे, तिला आवडायचे.

अकराव्या टेपमध्ये त्या देशात बंड झालं. वकिलातीतल्या इंग्रजांना न्यायला विमान आलं. यादीत स्थानिक नोकर नव्हते. वीस वर्षं कारकून असलेल्या जोसेफला साहेबांनी सांगितलं, बायकोमुलांना घेऊन फाटकापाशी थांब, गाडी पाठवतो. गाडी जाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. टेपवर त्यांनी हे स्वच्छ सांगितलं होतं आणि मग बराच वेळ नुसते खोकत राहिले होते.

मंडळाची रीत अशी, की टाइप केलेलं पोस्टाने पाठवायचं आणि बोलणाऱ्याने नको ते खोडून परत करायचं. शैलजाने रीत विचारलीच नाही. कोर्टात साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवतात आणि मग सही घेतात. म्हणून ही बाई बाड घेऊन थेट साहेबांच्या घरी गेली आणि मोठ्याने वाचू लागली.

वाचन जोसेफपाशी आलं तसा साहेबांनी हात वर केला. एवढं काढून टाका म्हणाले. चूक असेल तर दुरुस्त करते, असं शैलजा म्हणाली. चूक नाही, पण माझी नातवंडं हे वाचतील, असं त्यांनी सांगितलं.

"सर, तो अजून फाटकापाशी उभा आहे," शैलजा म्हणाली. "गाडी येणार नाही हे त्याला कुणीतरी सांगायला हवं."

साहेबांनी मंडळाला फोन केला, अगदी मृदू आवाजात. हक्क त्यांचाच होता, हे मीही मान्य करते. मंडळाच्या बाईंनी शैलजाला तेवढा भाग पुसायला सांगितलं. ती नाही म्हणाली. बाईंनी तिचे आभार मानले आणि काम दुसऱ्या कुणाला दिलं.

"अगं, मी हट्ट करायला नको होता का?" तिने मला विचारलं. "तेवढी एकच जागा होती गं मला जायला."

तू बरोबर केलंस, एवढं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, यार, व्हॉलंटिअर वर्क होतं, सोडून दे. त्याची मला अजून लाज वाटते.

पुढे चारुदत्तला टेक्सासमध्ये अर्विंगला नोकरी लागली आणि दोघं गेली. २००८ मध्ये मंडळाने साहेबांच्या आठवणी छापल्या. मी उभ्याउभ्याच अकरावं प्रकरण काढलं. दीड पान आहे. भाषा सुरेख, टायपिंगची एकही चूक नाही. आणि त्या दीड पानात सगळी माणसं सुखरूप विमानात चढतात.