उनो, दोस, त्रेस, सोनगीरनी गाडी येस

माणसं परकी भाषा शिकतात ती नोकरीसाठी, व्हिसासाठी, फार तर चार लोकांत मिरवण्यासाठी. एका सहा वर्षांच्या मुलीला करमावं म्हणून धुळ्यातली अख्खी गल्ली स्पॅनिश बोलायला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा थोरला मामा निघाला हे मी माझ्या लग्नाचं सर्वांत मोठं फलित मानतो. (बायकोला हे वाक्य दाखवलेलं नाही.)

आम्ही त्यांना नाना म्हणतो. नानांची सगळी नोकरी एसटी स्टँडवर माइकसमोर गेली. आवाज असा, की त्यांनी साक्रीची गाडी लागल्याचं सांगितलं की शिरपूरला निघालेला माणूसही क्षणभर आपली पिशवी उचलायचा. निवृत्त झाले तेव्हा माइक स्टँडवर राहिला, पण आवाज घरी आला. मामींनी चहा ओतला की नाना आतल्या खोलीला कळवतात, "प्रवाशांनी लक्ष द्यावे, चहा ओट्यावर लागलेला आहे." जळगावहून मी गेलो की दारातच घोषणा होते, "जळगावहून येणारे जावईबुवा नेहमीप्रमाणे उशिरा आलेले आहेत." गल्लीतली चार माणसं मला बघायला बाहेर येतात. मीही आता हात हलवतो.

नानांची मुलगी लग्न करून मेक्सिकोत गेली. जावई तिकडचाच, आणि नात ईरा फक्त स्पॅनिश बोलणारी. फोनवर आजोबा-नातीचं संभाषण म्हणजे दोघांनी एकमेकांना हात हलवणं. मागे एकदा ती तीन आठवडे धुळ्याला आली आणि तीनही आठवडे ओट्याच्या कोपऱ्यात बसून राहिली. पोरी तिच्या हातात सागरगोटे द्यायच्या, ती शहाण्यासारखी परत करायची. जाताना ती आईच्या कानात काही बोलली. नानांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा मुलीने नाइलाजाने सांगितलं, "म्हणते, तिथे माझ्याशी कोणी बोलत नाही. पुन्हा नको यायला." फार विनवण्या झाल्यावर ईरा पुढच्या डिसेंबरात एकदा, फक्त एकदाच, यायला कबूल झाली. नाही करमलं तर मग कधीच नाही.

नाना दिवसभर गप्प बसले. मामी सांगतात, लग्नानंतर इतकी शांतता त्यांनी प्रथमच ऐकली आणि घाबरून डॉक्टरांना फोन लावणार होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी घोषणा झाली, "तीन हप्त्यात पोरगी मराठी कशी शिकी? मंग गल्लीलेच शिकाडसू!"

आणि नाना शिकले. मोबाइलवर, कानात वायर घालून, तोंडाने बडबडत. भाजीबाजारात कांद्याच्या ढिगासमोर उभे राहून "सेबोया" म्हणायचे. कांदेवाली म्हणायची, "नाना, तुम्ही काहीबी म्हना, भाव तोच शे." त्यातून त्यांचा एक सिद्धांत तयार झाला. मेज म्हणजे 'मेसा', कमीज म्हणजे 'कामीसा', आणि अहिराणीतला 'शे', म्हणजे 'आहे', उलटा धरला की स्पॅनिशचा 'एस', अर्थ तोच! "जावईबुवा, आपलीच भाषा शे ही, फक्त तोंड धुईसन उनी." भाषा तोंड धुऊन आली म्हणे! मी पदवीधर असल्यामुळे प्रथम हसलो. मग घरी जाऊन गुपचूप तपासलं. 'एस'चा अर्थ खरोखरच 'शे' निघाला. त्यानंतर मी नानांच्या कुठल्याही सिद्धांताला हसलेलो नाही.

शिकवायची पद्धतही त्यांचीच. अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या दोन ओळी, म्हणजे गाडी. पुढे एक पोरगी स्टीलची परात धरून ड्रायव्हर. शेजारची आठ वर्षांची भाविका कंडक्टर. ती वस्तू दाखवणार, तुम्ही तिचं स्पॅनिश नाव सांगणार, तरच तिकीट. नाहीतर खाली उतरा. आणि गाडी सुटताना सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं:

उनो, दोस, त्रेस, सोनगीरनी गाडी येस!
क्वात्रो, सिंको, सेस, खिडकीजवळ बैस!
सिएते, ओचो, नुएवे, साक्रीपर्यंत जावे!
दिएस म्हटलं की डायवर घर जास!

चार महिन्यांत ज्या पोरांना सातचा पाढा धड येत नव्हता ती पाणी मागताना 'आग्वा' म्हणू लागली. मी बावन्नाव्या वर्षी या गाडीत चढण्याचा तीनदा प्रयत्न केला. भाविकाने चमचा दाखवला, मी "चमचो" म्हणालो. मला सोनगीरच्या अलीकडेच उतरवण्यात आलं.

डिसेंबरात ईरा आली आणि थेट त्याच कोपऱ्यात जाऊन बसली. पोरांनी खुर्च्या मांडल्या, गाणं म्हटलं. तिने भुवई जराशी उचलली आणि पुन्हा चपलेकडे पाहू लागली. नाना दाराशी उभे होते. त्यांचा हात दाराच्या कडीवर इतका घट्ट होता की मला तिथे बघवेना. तेवढ्यात गल्लीतला कुत्रा येऊन नेमका गाडीपुढे बसला. भाविकाने बोट दाखवलं आणि सगळी गाडी नानांनी शिकवल्याप्रमाणे ओरडली, "पेरो! पेरो!"

ईराने कुत्र्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, आणि पोट धरधरून हसायला लागली. तिच्या आईने हसत हसत उलगडा केला. कुत्र्याचा 'पेर्रो', त्यातला र गडगडत यायला हवा. साधा 'पेरो' म्हणजे 'पण'. चार महिने आमची गल्ली कुत्र्याला बोट दाखवून "पण! पण!" ओरडत होती.

नानांचा चेहरा उतरला. "चुकनं का मन्हं?" एवढंच ते पुटपुटले. पण ईरा कोपऱ्यातून उठली होती. ती गाडीपुढे येऊन उभी राहिली आणि मास्तरीणबाईंसारखं बोट उचलून म्हणाली, "पेर्रर्रो." कोणालाही जमेना. शेवटी भाविका ड्रायव्हरवर खेकसली, "अगं, गाडी चालू कर ना पहिले!" परात फिरली, "घुर्रर्रर्र" झालं, आणि ईराने टाळी वाजवली. तोच तो र! सगळी गाडी घुर्रर्र करत 'पेर्रर्रो' म्हणू लागली. कुत्रा घाबरून पळाला. ईरा पहिल्या ओळीत खिडकीजवळ जाऊन बसली.

आता घोषणा नानांनी करायची. त्यांनी तोंड उघडलं, पण स्टँड गाजवणारा तो आवाज फुटेचना. ते उगीच भिंतीकडे वळून नाक पुसत राहिले. मग घोषणा ईरानेच केली, "उनो, दोस, त्रेस, सोनगीरनी गाडी येस!"

ती परत गेली त्याला आता बरेच दिवस झाले. गल्लीत त्या कुत्र्याचं नाव 'पण' पडलंय ते पडलंयच. मुलगी फोनवर सांगते, तिकडे ईरा घरात खुर्च्या मांडते, पण सोनगीरला येणारं कोणी मिळत नाही.

परवा मी धुळ्याला गेलो. अंगणात गाडी लागलेली होती. 'चमचा'साठी 'कुचारा' पाठ करून गेलो होतो. भाविकाने तिकीट दिलं. मी ऐटीत पहिल्या ओळीत खिडकीजवळ बसलो.

"काका, उठा. ती जागा रिझर्व्ह शे."

मी मदतीसाठी नानांकडे पाहिलं. जावयाची काही तरी सोय होईल असं वाटलं होतं. नाना रस्त्याकडे बघत होते. गाडी पुरती भरलेली, आणि ती एक खुर्ची रिकामी.

साक्रीपर्यंत मी उभ्यानेच गेलो.