तीन चाकांची गोदाक्का

गोदाक्का वळणावर गाडीवरून पडणारच, असं पहिल्यांदा बघणाऱ्याला हमखास वाटायचं. तिच्या पेट्रोलवरच्या गाडीला पुढं एक चाक आणि मागं दोन. डावीकडं वळायचं असलं की अक्का कमरेपासून एवढी झुकायची, की डोकं पार गाडीच्या बाहेर. लातुरातल्या त्या कॉलनीत आम्ही नवीन होतो. कोपऱ्यावर तिला तशी बघून मी "अगं बाई!" म्हणून ओरडलेच. तिनं मान न वळवता उत्तर दिलं, "पडत न्हाई मी! शेजारणीच्या कढईत काय हाय ते बघायलेय!"

लहानपणी पोलिओनं तिचा एक पाय गेलेला. डाळमिलच्या ऑफिसात नोकरी, लग्न नाही, जीभ मात्र तिखट. अहोजाहो केलेलं तिला खपायचं नाही. गेल्या पावसाळ्यात ती गेली, झोपेतच. मला तिची फार आठवण येते.

तिची खरी ओळख झाली ती माझ्या अपघातानंतर. त्याआधी मी औशाच्या पुढं एका खेड्यातल्या शाळेत शिकवायला स्कूटरवरून जायचे. अपघातात उजव्या पायातलं बळ गेलं, पायाला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर आलं, आणि घरात बोलणं सुरू झालं, बास झाली नोकरी. नवरा वाईट नाही हो, काळजीनंच म्हणायचा. पण शाळा सुटली असती तर मला वेड लागलं असतं. अक्का एक दिवस आली, चहा प्यायली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली, "हिची रजा संपस्तोवर दम धरा. तवर मी हिला माझ्या गाडीवर तयार करते."

रविवारी मिल बंद असायची. मिलच्या अंगणात तुरी वाळत घातलेल्या. त्या ढिगांभोवती माझी शिकवणी, अक्का मागच्या सीटवर. मला काय, स्कूटरची सवय! वळताना मी ऐटीत अंग कलंडवलं. गाडी काही कलंडली नाही, सरळ जाऊन तुरीत घुसली. "हिला लाडीगोडी चालत न्हाई," अक्का म्हणाली. "हँडल वळव, मग झुक. अन् भ्यायचं ते वळणाच्या आधी. वेग तिथंच कमी करायचा. आत शिरल्यावर भ्यायचं न्हाई." दुसरी खोड त्याहून वाईट. तोल गेल्यासारखं वाटलं की माझा पाय आपोआप बाहेर यायचा, आणि मागचं चाक त्याच्यावरच चढायला बघायचं. पाठीत धपाटा बसायचा. "पाय आत! चाक तुझंच हाय, पर ते पाय वळखत न्हाई!"

एकदा मी चिडून म्हटलं, "जाऊ दे अक्का. हे सोडतील मला शाळेत." अक्कानं मला गाडी थांबवायला लावली. मग म्हणाली, "माझा भाऊ मला पाठीवर घेऊन शाळेत न्यायचा. लई जीव त्याचा. पर त्यानं जिथं उतरवलं तिथंच बसावं लागायचं ना ग." त्यानंतर मी तक्रार केली नाही.

शाळेच्या अलीकडं एक वाकडं वळण आहे, उताराचं. उसाचे ट्रॅक्टर तिथं अर्धा रस्ता खातात. शेवटच्या रविवारी आम्ही तिथं गेलो. मी वळणात शिरले, समोर ट्रॅक्टर आला, आणि मी घाबरून मधेच ब्रेक दाबला. आतल्या बाजूचं चाक उचललं गेलं. अक्कानं स्वतःला त्या बाजूला झोकून दिलं, तेव्हा ते खाली टेकलं. वळणाच्या खाली, बंद रसवंतीपाशी गाडी थांबवून मी म्हटलं, "मला नाही जमायचं. ह्यांना फोन करते."

अक्का सरकून रसवंतीच्या बाकड्यावर बसली. "कर की. पर आधी शाळेच्या फाटकाला हात लावून ये. मी हितंच हाय."

रडतच गेले. फाटकाला हात लावला आणि मागं बघितलं, तर तिची कुबडी गाडीलाच बांधलेली. कुबडीशिवाय अक्काला उभंही राहता येत नाही! परत निघाले. बाकडं रस्त्याच्या पलीकडं, आणि उतारावरून ट्रॅक्टर एकामागून एक येत होते; आडवं जाता येईना, वर जाऊनच वळून यावं लागणार होतं. वळणाच्या आधी वेग कमी केला, हँडल वळवलं, अंग झोकून दिलं. समोरून काय येतंय याची भीती वाटायलाही सवड नव्हती. चढ चढून वर पोचले, तिथं गाडी वळवली आणि तेच वळण पुन्हा उतरून बाकड्याला अगदी चिकटवून थांबले.

"अक्का, तुझी कुबडी…"

"ठावं हाय मला. मीच ठिवली," ती म्हणाली. "न्हाईतर कुबडी घेऊन मी एसटीच्या फाट्यापर्यंत चालत गेले असते, अन् तू नवऱ्याला बोलवून घेतलं असतंस."

मला हुंदका आवरेना. ती माझ्या खांद्याचा आधार घेऊन मागं बसली, पाठीवरून हात फिरवला आणि कानाशी म्हणाली, "रड खुशाल. पर ब्रेक दाबून रड, उतार हाय."