शितप सरांची रीत

रत्नागिरीजवळच्या हातखंब्यापासून आतल्या एका गावच्या हायस्कुलात रावजी शितप गणित शिकवीत. शिकवीत म्हणण्यापेक्षा विचारीत म्हणणे अधिक खरे. उत्तर आयते द्यायचे नाही, प्रश्नामागून प्रश्न विचारून ते मुलांनाच शोधू द्यायचे, हे बी.एड.चे तत्त्व त्यांच्या सोबत्यांनी पाठनिरीक्षणापुरते वापरून सोडून दिले. शितपांनी ते व्रतासारखे पाळले. दहावीचा वर्ग ते शाळेमागच्या कातळावर नेत, सुंभ ताणून मोठे वर्तुळ आखीत आणि त्याचा व्यास काढीत. वर्तुळावर कुठेही उभे राहिले, तरी व्यासाच्या दोन टोकांकडे जाणाऱ्या रेषांत काटकोनच होतो, हे मुले गुण्याने मोजून पाहत. मग सर विचारीत, असे का? गावात मात्र थट्टा चाले, की मास्तरांनाच गणित येत नाही, म्हणून पोरांकडून शिकून घेतात.

सखूची मुलगी मालन या शोधात सगळ्यांच्या पुढे असे. दहावी पास झाली तर रत्नागिरीला मावशीकडे राहून कॉलेज, नाही तर मुंबईला थोरल्या भावाची मुले सांभाळायची, असे तिच्या बापाने ठरवले होते.

१९८४च्या जूनमध्ये निकाल लागला. मालन फक्त गणितात नापास झाली होती.

शितपांचा विश्वास बसेना. त्यांनी मालनच्या घरी जाऊन तिला खोदून विचारले, तेव्हा कळले की अर्धवर्तुळातल्या कोनाचे प्रमेय आले होते. आकृती, पक्ष, साध्य एवढे लिहून ती थांबली होती.

"तो बिंदू केंद्राशी जोडला तर?" त्यांनी तिथेच विचारले.

"दोन समद्विभुज त्रिकोण होतात," मालन लगेच म्हणाली, आणि उरलेली सिद्धता तिने न अडखळता पुरी केली.

"मग लिहिली का नाहीस?"

"तिथे कुणी विचारलं नाय, सर."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. उत्तरे शितपांनी मुलांच्या हाती सोपवली होती. प्रश्न मात्र स्वतःपाशीच ठेवले होते.

सखू दाराशी उभी होती. "आक्टोबरात परत बसवतंय तिला. बापूस येकदाच ऐकलान, परत ऐकायचा नाय. आता इचारू नका, सर. सांगा."

स्वतःला प्रश्न विचारायलाही शिकवता येते, त्याला वेळ लागतो, असे त्यांना म्हणायचे होते. पण चुकत शिकण्याची सवड ज्यांच्या घरी असते, त्यांच्यासाठी ते वाक्य होते. या घरी ते उच्चारण्याचा धीर त्यांना झाला नाही.

त्यांनी सिद्धता सांगायला घेतली. मालन मान खाली घालून ओळीमागून ओळ उतरवीत राहिली. एके ठिकाणी ते मुद्दाम थांबले, तिने 'का' म्हणावे म्हणून. तिने पेन वर उचलले आणि ती वाट पाहत राहिली.

शितपांनी पुढची ओळ सांगितली.