तीन आठवड्यांची गाठ

भिंगवाल्या बाईंना चौकशीची भारी खोड. नवरा म्हणायचा, दूधवाला उशिरा आला तरी हिला त्याचं कारण लागतं. तीस वर्षं त्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर मायक्रोस्कोपला डोळे लावून लोकांच्या गाठी ओळखत बसल्या होत्या. गाठ बघायची, माणूस बघायचा नाही, हा त्यांच्या खात्याचा रिवाजच.

त्या दिवशी एका सुताराच्या हातातल्या गाठीचा तुकडा काचेवर आला. पेशी लांबुडक्या, भराभर दुभागणाऱ्या. हाताखालच्या डॉक्टरीणबाईंनी एका नजरेत कॅन्सर म्हणून टाकलं. सर्जनांनी तर सोमवारी कोपराखालचा स्नायूच काढायचं ठरवलं होतं. बाईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली. पेशींची घाई होती खरी, पण कॅन्सरमध्ये दिसतं तसं एकीचंही केंद्र वेडंवाकडं नव्हतं. आणि फॉर्मवर गाठ कधीपासून, ती जागा कोरी! एवढंही विचारायला कुणाला सवड नव्हती.

रिवाज गेला खड्ड्यात, म्हणत बाई जिना चढून वॉर्डात गेल्या. सुताराला त्या कोण हेही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, तीन आठवड्यांपूर्वी वाटाण्याएवढी होती, आता लिंबाएवढी झालीय. बाई मनातल्या मनात चमकल्याच. इतक्या झटपट वाढणारी ही गाठ म्हणजे वाघाचं कातडं पांघरलेलं गाढव. दिसते कॅन्सरसारखी, आणि बहुधा आपली आपणच जिरून जाते.

तरी खातरजमा हवी. खऱ्या कॅन्सरशी ताडून बघायला त्यांनी कपाटातून अकरा वर्षांपूर्वीची, हाताच्याच गाठीची काच काढली. भिंगाखाली ती धरली, मग सुताराची, मग पुन्हा जुनी. दोन्ही काचा अगदी सारख्या. जुन्या कागदावर लिहिलं होतं: शिंपी, वय चौतीस, गाठ एक महिन्याची, निदान कॅन्सर. खाली सही त्यांचीच. म्हणजे महिन्याभरात वाढलेली ती गाठही कॅन्सर नव्हतीच.

सुताराचं ऑपरेशन त्यांनी फोन करून आधी थांबवलं. मग शिंप्याची फाइल मागवली. स्नायू काढल्यापासून त्याची दोन बोटं वळत नव्हती.

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "आता कशाला सांगायचं? आपण कॅन्सरमधून वाचलो, या आनंदात असेल तो."

"आनंदात?" बाईंनी फाइल पुढे सरकवली. "दर सहा महिन्यांनी तपासणीला येतोय तो. अकरा वर्षं एकदाही चुकलेला नाही."

आणि त्यांनी फोन उचलून त्याचा नंबर फिरवला.