हिवराळे काकांचं पोहणं

आमच्या सोसायटीतले धोंडिराम हिवराळे साठी उलटल्यावर पोहायला शिकले. ही हकिगत त्यांनीच मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली, कधी लिफ्टची वाट बघताना, कधी खाली बाकावर बसून. सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की पुढचं ऐकल्याशिवाय पाय निघायचा नाही.

काका मूळचे जालन्याकडचे. दहावीनंतर आयटीआय करून मुंबईत आले आणि बोरीवली पूर्वेच्या एका औषध कारखान्यात चिकटले. गोळ्यांच्या पट्ट्या तयार करणारं मशीन सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. शिक्षणावर या घराचा फार विश्वास. वडिलांनी दुसऱ्यांच्या शेतात राबून काकांना शाळेत घातलं, काकांनी ओव्हरटाइम करून मुलाला, आकाशला, इंजिनीअर केलं. मात्र शिकायचं ते पोटापाण्यासाठी आणि ते लहानपणीच, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. एकदा नोकरी लागली की ते प्रकरण संपलं. त्यामुळे निवृत्त झाल्यावर सकाळी नॅशनल पार्कच्या गेटपर्यंत फेरफटका, मग पेपर, दुपारी झोप, एवढ्यावर ते खूश होते. त्यांच्या बायकोच्या, राधाकाकूंच्या मते जरा जास्तच खूश.

मग आकाशच्या मुलीचं, गार्गीचं नाव उन्हाळ्याच्या सुट्टीत पालिकेच्या तरणतलावावर घातलं. आई-बाप दोघं नोकरीवाले, तेव्हा तिला नेणं-आणणं आजोबांकडे आलं. काका जाळीबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर टॉवेल मांडीवर घेऊन बसायचे. सुरुवातीला रडून गोंधळ घालणारी पोरं बघता बघता बेडकासारखी उड्या मारायला लागली. गार्गी त्यात पुढे. एके दिवशी ती निथळत जाळीपाशी आली आणि तिने विचारलं, तुम्ही का नाही येत पाण्यात? काका म्हणाले, मला पोहता येत नाही.

"मलापण येत नव्हतं, आबा. म्हणून तर मी आले," गार्गी म्हणाली आणि परत पळाली.

दुसऱ्या दिवशी गार्गीचा वर्ग चालू असताना ते खुर्चीवरून उठले आणि तलावाच्या ऑफिसच्या खिडकीवर जाऊन मोठ्या माणसांच्या बॅचची चौकशी करून आले.

घरी सांगितल्यावर राधाकाकूंनी हातातली कणीक तशीच ठेवली. या वयात पोहण्याचा उपयोग काय, एवढंच त्यांनी विचारलं. उपयोग काहीच नव्हता. काकांनी तसं कबूलही केलं, आणि त्यांना स्वतःलाच याची गंमत वाटली. आजवर उपयोग नसलेली एकही गोष्ट ते शिकले नव्हते. आकाशने ब्लडप्रेशरचा मुद्दा काढला आणि वडिलांना डॉक्टरकडे घेऊन गेला, डॉक्टर नाही म्हणतील या भरवशावर. डॉक्टरांनी तपासलं आणि हे दहा वर्षांपूर्वीच का नाही सुरू केलं म्हणून काकांनाच दटावलं. परतीच्या रिक्षात काका बाहेर बघत मिशीत हसत होते.

मोठ्यांची बॅच सकाळी लवकर असायची. शिकवायला अक्षता कोळी नावाची मुलगी होती, मढच्या कोळीवाड्यातली, पंचविशीची, अंगाने काटक आणि आवाजाने खणखणीत. पहिल्या दिवशी काका टॉवेल गुंडाळून आले आणि शेवटच्या पायरीपर्यंत तो सोडेचनात. आयुष्यात चारचौघांत एवढ्याशा चड्डीवर ते कधी उभे राहिले नव्हते. अक्षताने पाठ फिरवली, इतरांना उगाच काहीतरी सूचना दिल्या, आणि तेवढ्यात काका कमरेइतक्या पाण्यात उतरले.

तिथेच ते अडकले. काठाचा दांडा धरला तो सोडवेना. अक्षता पुढे उभी राहून हात धरायची, फळी द्यायची, समजवायची. काकांना सगळं कळायचं. पण तळावरून पाय उचलायची वेळ आली की अंग लाकडासारखं व्हायचं आणि ते परत दांड्याला. बरोबरचे बँकेतले एक साहेब आणि कॉलेजची मुलं आठवड्याभरात हातपाय मारत सुटली. काका आपले दांड्याशी.

घरी मात्र त्यांचा अभ्यास जोरात होता. श्वास सोडायचा सराव म्हणून ते बाथरूममध्ये बादलीत तोंड बुडवून बुडबुडे काढायचे. पहिल्यांदा तो आवाज ऐकून राधाकाकू दार ठोठावत सुटल्या. दुपारी काका दिवाणावर पालथे पडून पाय मारायचे, आणि गार्गी गुडघे वाकवू नका म्हणून शेजारी उभी राहून ओरडायची. दिवाणाची एक फळी त्यात गेली. राधाकाकू म्हणाल्या की पाण्याचं माहीत नाही, पण माणूस लाकूड फोडायला चांगला शिकलाय.

महिना संपत आला तरी काकांचे पाय तळ सोडेनात. शेवटी एका सकाळी बॅच सुटल्यावर ते कपडे करून अक्षताकडे गेले आणि म्हणाले की आता पुरे करतो, तुमचाही वेळ जातोय. अक्षता काठावर पाय सोडून बसली होती. तिने त्यांना शेजारी बसायला सांगितलं. ती म्हणाली की चूक तिचीही आहे, कारण लहान पोरांना शिकवायचं तिला जमतं, पण मोठ्या माणसांचं तिला कळत नाही.

"मी कधी शिकले ते मला आठवतच नाही, काका. आई सांगते, चालायच्या आधी खाडीत होते. त्यामुळे पाण्यात पाऊल टाकल्यावर तुम्हाला आत काय होतं ते मला माहीतच नाही. तुम्ही मला सांगा ना."

असं कुणी कधी विचारलं नव्हतं. काकांनी पाण्याकडे बघत सांगितलं. गावात एक मोठी विहीर होती, पायऱ्यांची. उन्हाळ्यात गावातली पोरं पाठीला वाळका भोपळा बांधून तिच्यात उड्या टाकायची, आणि तशीच पोहायला शिकायची. काका ज्या वस्तीतले, तिथल्या पोरांनी मात्र त्या पायऱ्यांवर पाऊल ठेवायचं नव्हतं. ते शेळ्या घेऊन लांब बाभळीखाली उभे राहून बघायचे. एकदा एक शेळी तिकडे गेली, तिच्यामागे तेही गेले, पहिल्या पायरीवर उतरले, आणि वरून कुणीतरी ओरडलं. त्या दिवशी त्यांच्या वडिलांना पारावर सगळ्यांसमोर हात जोडावे लागले.

"बुडायची भीती नाही वाटत, पोरी," काका म्हणाले. "पाण्यात उतरलो की वाटतं, आता कुणीतरी ओरडणार."

अक्षताने धीर दिला नाही की हळहळ व्यक्त केली नाही. तिने एवढंच विचारलं की भोपळा पाठीला बांधायचे म्हणजे नेमका कुठे, कमरेला की खांद्याच्या खाली? काकांनी स्वतःच्या पाठीवर हात नेऊन जागा दाखवली. ती म्हणाली, उद्या एक दिवस या, मग काय ते ठरवू.

दुसऱ्या दिवशी ती एक जाडजूड पिशवी घेऊन आली. पिशवीत तिच्या वडिलांच्या जुन्या जाळ्याचे गोळे होते. जाळं पाण्यावर तरंगत राहावं म्हणून त्याच्या वरच्या दोरीला लावतात ते, नारिंगी रंगाचे, उन्हाने फिके पडलेले. तिने ते एका सुती पट्ट्यात ओवून आणले होते. मढला वाळका भोपळा काही मिळाला नाही, ती म्हणाली, पण भरतीच्या पाण्यात एवढं मोठं जाळं उचलून धरतात ते, तुम्हाला काय सोडतात. काकांना आधी मासळीचा वास आला आणि मग हसू. तिने पट्टा त्यांच्या पाठीवर, त्यांनी दाखवलेल्या जागी, घट्ट बांधला. बँकेतले साहेब पोहायचे थांबून बघत होते. काकांना त्याचं काही वाटलं नाही.

ते पाण्यात उतरले. अक्षता बाजूला उभी राहिली, तिने हात लावला नाही. काकांनी दांडा सोडला, पुढे झुकले, आणि पाय वर आले.

ते सांगताना काका नेहमी इथे थांबतात. त्यांना नीट शब्द सापडत नाहीत. पाणी कानांत शिरलं आणि सगळे आवाज गेले, असं ते म्हणतात. खालच्या निळ्या फरशांवर उन्हाची जाळी हलत होती, आणि आपली सावली तिच्यावरून सरकत होती, एखाद्या दुसऱ्याच माणसाची असावी तशी. कुणी ओरडलं नाही. ते हसायला लागले, आणि पाण्यात हसायचं नसतं हे तोपर्यंत त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. नाकातोंडात पाणी जाऊन ते ठसकत उभे राहिले. अक्षताने पाठीत थोपटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते क्लोरीनचं की कशाचं, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. ठसका थांबल्यावर काका म्हणाले, परत.

त्या दिवशी त्यांनी इतक्या वेळा परत म्हटलं की पुढची बॅच आत आली तरी ते पाण्यातच. घरी जाताना त्यांनी स्टेशनजवळून जिलबी घेतली.

मग अक्षता पट्ट्यातला एकेक गोळा कमी करत गेली, काकांना सांगून. शेवटचे गोळे मात्र तिने न सांगता काढले, आणि रिकामा पट्टा बांधून काका तलावाची अख्खी रुंदी पोहून गेले. पलीकडच्या काठाला हात लागल्यावर त्यांनी पाठ चाचपली. तिथे नुसतं कापड होतं. त्यांनी वळून बघितलं तर अक्षता खाली मान घालून हसत होती. हे फसवणं आहे, असं त्यांनी तिला ऐकवलं, आणि तसेच वळून परत पोहत आले.

अक्षताची शिकवण्याची पद्धत त्यानंतर बदलली. मोठं माणूस कुणी नवीन आलं की ती आधी त्याला काठावर बसवते, पाण्यात काय वाटतं ते विचारते आणि ऐकून घेते. कुणी लहानपणी बुडता बुडता वाचलेलं असतं, कुणाला अंगप्रदर्शनाची लाज, कुणाला नुसता थंडीचा कंटाळा. काका कधी शेजारी असले तर तेही ऐकतात. ती गंमतीने म्हणते की काकांनी मला शिकवलं. काका ते मानत नाहीत, पण कुणी असं म्हटलं तर अडवतही नाहीत.

एवढं सगळं होईपर्यंत राधाकाकू एकदाही तलावावर गेल्या नव्हत्या. एकदा काका ब्लडप्रेशरची गोळी घ्यायला विसरले, तेव्हा ती द्यायला त्या निघाल्या. खरं तर गोळी आल्यावर घेतली असती तरी चाललं असतं. जाळीबाहेर उभं राहून त्यांनी नवऱ्याला शोधलं, आणि टोप्या घातलेल्या डोक्यांमध्ये तो ओळखू येईना. मग खोल बाजूकडून सावकाश येणारा एक माणूस त्यांना दिसला. तो घाईत नव्हता. हात पुढे टाकत होता, मान वळवून श्वास घेत होता. तोच आपला माणूस हे कळायला काकूंना थोडा वेळ लागला. त्या गोळी वॉचमनकडे देऊन घरी आल्या.

त्या खालीच बघून जेवल्या. आकाशला वाटलं, आई अजून नाराजच आहे. ताटं उचलता उचलता त्या म्हणाल्या, "अहो, बायकांची बॅच किती वाजता असते?"

आता रोज सकाळी दोघं बरोबर निघतात. आधी काकांची बॅच, मग बायकांची. बायकांच्या वेळेला पुरुषांना जाळीपाशीही उभं राहू देत नाहीत, म्हणून सुरुवातीला काका गेटबाहेरच्या कट्ट्यावर ओल्या केसांनी चहा पीत बसायचे. भिंतीपलीकडून पाण्याचे आणि हसण्याचे आवाज यायचे. काकूंचा आवाज त्यांना बरोबर ओळखू यायचा. अक्षताला हात सोड म्हणून दरडावणारा जो आवाज, तो त्यांचा.

एकच अडचण झाली. दोघंही सकाळी बाहेर, तर घरी नाश्त्याचं काय? काकूंनी ती लगेच सोडवली. माझी बॅच उशिरा सुटते, तुमची आधी, त्या म्हणाल्या, तेव्हा उद्यापासून चहा पीत बसायचं नाही, घरी जाऊन उपमा करायचा. काकांनी उभ्या जन्मात गॅस चहापलीकडे पेटवला नव्हता. पहिल्या दिवशी रवा न भाजताच पाण्यात टाकला आणि त्याची खळ झाली. गार्गीने वाटीत घेऊन बघितला, चमचा उभा राहतो का तेही बघितलं, आणि दप्तर पाठीला लावून ती बिस्किटं घेऊन शाळेत गेली. काकूंनी मात्र बसून अख्खी वाटी संपवली, आणि उद्या रवा आधी भाजून घ्या, असं सांगितलं.

काल काका लिफ्टमध्ये भेटले. हातात कढीपत्ता होता. मोहरी आधी घालायची की हिंग, हे त्यांनी मला फार मन लावून विचारलं.